डायनासोर कोणी मारले? सह्याद्रीच्या कातळातील तारखांचा वाद

गोव्याचा बहुतेक भूभाग अब्जावधी वर्षे जुन्या खडकांवर उभा आहे. ईशान्येच्या कडेला, सत्तरीच्या डोंगरमाथ्यांवर मात्र या वृद्ध खडकांच्या वर एक काळा कातळ पसरलेला आढळतो. तो त्या मानाने तरुण, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. येथून पुढे बेळगाव, कोल्हापूर, महाबळेश्वर, नाशिक आणि पार माळव्यापर्यंत तोच कातळ आपली सोबत करतो. झिजून, तुटून आज उरलेला त्याचा विस्तारही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. डायनासोरांच्या मृत्यूचा जो खटला विज्ञानात गेली चार दशके चालू आहे, त्यात हा कातळ एक आरोपी आहे.

दुसरा आरोपी आकाशातून आला. भौतिकशास्त्रज्ञ लुइस अल्वारेझ आणि त्यांचे भूवैज्ञानिक पुत्र वॉल्टर यांनी १९८० साली इटलीतील गुब्बिओ येथील मातीच्या एका पातळ थरात इरिडियम या धातूचे अनपेक्षित प्रमाण असल्याचे प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या कवचात हा धातू दुर्मीळ, लघुग्रहांत मात्र विपुल. पुढे मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाखाली, चिक्शुलुब येथे, सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे गाडले गेलेले विवर ओळखले गेले आणि आघाताचा सिद्धांत भक्कम झाला. (लोणारचे विवरही याच कातळात आघातानेच झाले असले, तरी या प्रकरणाशी त्याचा काही संबंध नाही. ते फार अलीकडचे आहे.)

आता अडचण अशी, की दोन्ही आरोपी घटनेच्या वेळी हजर होते. दख्खनच्या भेगांतून लाव्हा वाहत असतानाच लघुग्रह आदळला. लाव्हाबरोबर बाहेर पडणारा गंधकाचा वायू काही वर्षांपुरता हवा थंड करतो, तर कार्बन डायऑक्साइड हजारो वर्षे ती तापवतो. हे वायू आघाताच्या आधी ओकले गेले असतील, तर जीवसृष्टी आधीच जेरीस आली होती असे म्हणता येईल. नंतर ओकले गेले असतील, तर दख्खन बऱ्याच अंशी निर्दोष ठरते. म्हणजे सगळा प्रश्न येऊन थांबतो तो तारखेपाशी, आणि कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात काही हजार वर्षांचा फरक ओळखणे हे सोपे काम नव्हे.

त्याचा पुरावा पश्चिम घाटात आहे. घाटरस्त्यांच्या कापलेल्या कड्यांत लाव्ह्याचे थर एकावर एक रचलेले दिसतात. ट्रॅप हे नावच पायरी या अर्थाच्या युरोपीय शब्दावरून पडले. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात ही माती तयार झाली. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोएन यांच्या गटाने अशाच पट्ट्यांतून, ज्वालामुखीच्या राखेबरोबर पडलेले झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक वेचले. झिरकॉन घडताना युरेनियमला आत घेतो, शिशाला जवळजवळ थारा देत नाही. त्यामुळे आत सापडणारे शिसे युरेनियमच्या क्षयातून आलेले असते आणि त्याच्या प्रमाणावरून वय काढता येते. कोर्टनी स्प्रेन आणि पॉल रेन यांच्या गटाने दुसरे घड्याळ वापरले. त्यांनी लाव्ह्यातल्याच फेल्डस्पार खनिजातील पोटॅशियमपासून झालेला आरगॉन वायू मोजला.

दोन्ही निष्कर्ष फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. बहुतांश लाव्हा १० लाखांहून कमी वर्षांत बाहेर पडला, यावर दोघांचे एकमत होते. त्यापुढे मात्र वाटा फुटल्या. शोएन यांच्या मते उद्रेक चार मोठ्या उसळ्यांत झाला आणि त्यातील एक उसळी आघाताच्या काही दहा हजार वर्षे आधीची होती. स्प्रेन यांच्या मते प्रवाह बऱ्याच अंशी सलग होता आणि सुमारे ७५ टक्के लाव्हा आघातानंतर आला. आघाताच्या क्षणी सह्याद्रीतला नेमका कोणता थर वाहत होता, हाच मूळ मतभेद.

या पेचातून पुढची वाट समुद्राने दाखवली. येल विद्यापीठाच्या पिन्सेली हल आणि सहकाऱ्यांनी २०२० साली समुद्रतळाच्या गाळातील सूक्ष्म कवचांवरून त्या काळचे तापमान काढले. आघाताच्या लाखो वर्षे आधी पाणी सुमारे २ अंशांनी तापले आणि आघातापूर्वीच पुन्हा निवले, असे त्यांना आढळले. किमान निम्मे वायू तेव्हाच निघून गेले असावेत. त्या उष्म्याने प्रजातींचा मोठा संहार झाल्याचे मात्र दिसत नाही. संहार जुळतो तो आघाताच्या थराशी. त्याच वर्षी अलेस्सांद्रो किआरेन्झा यांच्या गटाने हवामानाच्या संगणकीय प्रतिकृतींवरून असे मांडले, की आघातानंतरच्या प्रदीर्घ काळोखी हिवाळ्याने डायनासोरांची वस्तीयोग्य भूमी नाहीशी केली असती. ज्वालामुखीच्या वायूंनी उलट ती थंडी थोडी सौम्यच केली असावी.

प्रस्तुत लेखकाला यातून आरोपीची निर्दोष सुटका झाली असे वाटत नाही, मात्र मुख्य गुन्हेगार चिक्शुलुबचाच, हे मान्य करावे लागते. वेगाचा मुद्दाही विसरून चालणार नाही. दख्खनचा कार्बन हजारो वर्षांत हळूहळू मिसळला, म्हणून समुद्र तो पचवू शकला. आपण तो काही शतकांतच हवेत सोडत आहोत.

एक कोडे उरतेच. लाव्हा नंतर आला असेल, तर वायू आधी कसे निघाले? भूगर्भात अडकून राहिलेल्या शिलारसातून वायू आधीच झिरपला असावा, असा एक तर्क आहे. तो पडताळायचा तर थरांतील स्फटिकांत कोंडलेले शिलारसाचे थेंब तपासावे लागतात, आणि ते काम सुरू आहे. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात नर्मदेच्या खोऱ्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. ती महाकाय शाकाहारी डायनासोरांची आहेत. ज्या खडकांत ती आहेत, त्यांच्या वरच दख्खनचा लाव्हा पसरलेला आहे.