जुन्या गाडीचें ‘मिसिंग’ : खर्चापूर्वीं करावयाची परीक्षा

अंबरनाथ पश्चिमेकडील जुन्या गांवठाणांत आणि पुढें बदलापूर-वांगणीच्या बाजूस कांहीं खातेदारांनीं वडिलांच्या काळीं घेतलेली पेट्रोलवरील जीप किंवा कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली प्रीमियर पद्मिनी अद्यापि जपून ठेविली आहे. अशा गाडीविषयीं एक तक्रार वरचेवर कानीं येते. धांवतांना ती बरी चालते. पण विम्को नाक्यावर अथवा कल्याण-बदलापूर रस्त्यावरील सिग्नलपाशीं उभी राहिली कीं इंजिन थरथरूं लागतें, मध्येंच ठोका चुकवितें आणि शेवटीं बंद पडतें. भाजीच्या जुड्या कल्याणच्या बाजारसमितींत वेळेवर पोंचल्या नाहींत तर त्या दिवसाचा भाव गेला, हें वाचकांस सांगावयास नको.

फिटर लोक या दोषास ‘मिसिंग’ म्हणतात. त्यावर जो तो आपापला उपाय सुचवितो. कोणी कार्बोरेटर बदलावयास सांगतो, कोणी प्लगांचा नवा संच, तर कोणी एकदम इंजिन उतरवून रिंगा घालण्याची भाषा करतो. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. यंत्रविद्येची पदवी त्याजजवळ नाहीं. परंतु आधीं पंचनामा आणि मग हुकूम, हा त्या खात्यांतील शिरस्ता गाडीच्या बाबतींतहि तितकाच उपयोगी पडतो, असा अनुभव आहे. दोष कोठें आहे हें ठरण्यापूर्वीं एकहि नवा भाग विकत घेऊं नये.

प्रथम दोषाचें स्वरूप नीट समजून घ्यावें. चार नळकांड्यांचें इंजिन उभ्या गाडींत मिनिटाला सुमारें ७०० फेरे घेत असेल तर प्रत्येक नळकांडें दोन फेर्‍यांत एकदां पेटतें. म्हणजे एकेकाचे ३५० व सर्वांचे मिळून १,४०० स्फोट होतात. एक नळकांडें मेलें तर ठराविक अंतरानें ठोका चुकतो आणि थरथर एकसारखी असते. चुकणें अनियमित असेल, कधीं दोन लागोपाठ, कधीं मुळींच नाहीं, तर दोष एका नळकांड्याचा नसून चौघांस सामाईक अशा जागीं असण्याचा संभव अधिक. जसें कॉइल, पॉइंट, कंडेन्सर किंवा पेट्रोलचा पुरवठा. धुराड्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर कागदाचा तुकडा धरून पाहिला तरी हा भेद कळतो. निरोगी इंजिन त्यास एकसारखें बाहेर ढकलतें; कागद मधून मधून आंत ओढला जाऊं लागला तर जळलेल्या व्हाल्वची शंका घ्यावी. दोष थंडपणीं येतो कीं तापल्यावर, पावसांत कीं उन्हांत, हेंहि एका वहींत टिपून ठेवावें. ही परीक्षा उघड्या जागीं करावी. बंद गोठ्यांत इंजिन चालविणें जिवावर बेततें.

यानंतर मेलेलें नळकांडें कोणतें तें ओळखावें. इंजिन बंद करून एका प्लगची तार काढावी, तिचें टोंक एका जादा प्लगास लावून तो प्लग इंजिनच्या धातूस पक्का टेंकवून बांधावा आणि मग इंजिन सुरू करून ऐकावें. तार काढल्यानें चाल आणखी बिघडली तर तें नळकांडें काम करीत होतें असें समजावें. कांहींच फरक पडला नाहीं तर गुन्हेगार सांपडला. चालू इंजिनाची तार हातानें ओढण्याची कांहीं फिटरांस हौस असते. ती आपण करूं नये, धक्का जबर बसतो. तसेंच ही रीत जुन्या पॉइंटांच्या गाडीपुरतीच आहे. नव्या इलेक्ट्रॉनिक गाडीवर ती चालवूं नये.

गुन्हेगार नळकांड्याचा प्लग शेजारच्यांत आणि शेजारचा यांत घालावा. दोष प्लगाबरोबर गेला तर प्लग बदलला कीं काम झालें. जागचा हलला नाहीं तर तारांचीहि अशीच अदलाबदल करावी, अर्थात् त्यांची लांबी पुरत असेल तर. काढलेल्या प्लगाचा रंगहि बोलका असतो. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर जळण ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट ओला काळा म्हणजे रिंगा अथवा व्हाल्वच्या मार्गानें तेल येतें. आणि पांढराफटक म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. जुन्या विलीज जातीच्या जीपला प्लगचें अंतर ०.०३० इंच व पॉइंटचें अंतर ०.०२० इंच ठेवितात. तें अंदाजानें न ठेवतां फिलर गेज घालूनच पाहावें. पॉइंट घांसून साफ केले तरी थोड्याच दिवसांत पुन्हा जळूं लागले तर कंडेन्सर तपासावा.

पावसाळ्यांत आपल्याकडे सर्वांत अधिक त्रास देणारी जागा म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचें झांकण. ओळखीच्या एका बागाईतदाराची जीप श्रावणांत रोज सकाळीं मिसिंग करी आणि दुपारीं सुधारे. एका कारखानदारानें तिचा कार्बोरेटर आणि पाठोपाठ पेट्रोलचा पंप बदलून भरघोस बिल केलें; दोष जसाच्या तसा राहिला. पुढें एके रात्रीं दिवे मालवून, बॉनेट उघडें ठेवून इंजिन चालवून पाहिलें तेव्हां झांकणावर निळसर ठिणग्या किड्यांसारख्या सरपटतांना दिसल्या. झांकण उतरवून उजेडांत पाहतां आंतल्या बाजूस केसाएवढी काळी रेघ सांपडली. ओलावा धरला कीं वीज त्या रेघेवरून भलत्याच नळकांड्याकडे जाई. दुपारीं इंजिन व हवा तापून ती वाळे. नवें झांकण बसवितांच गाडी सुधारली, आणि त्याची किंमत त्या बिलाच्या दशांशाइतकीहि नव्हती. जुने भाग परत मागून घ्यावे, हें मात्र प्रत्येक खातेदारानें लक्षांत ठेवावें. बिलांतील नोंद खरी कीं खोटी याचा तोच एक पुरावा.

ठिणगी ठीक असूनहि इंजिन केवळ उभें असतां थरथरत असेल आणि ॲक्सिलरेटर दाबतांच सुधारत असेल तर दोन कारणें मुख्य. एक, कार्बोरेटरच्या बुडाशीं अथवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटांतून चोरून येणारी हवा. उभ्या गाडींत थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असल्यामुळें आंतील ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून छोटी फटहि तेव्हांच बाधते. साबणाचें पाणी सांध्यांवर थोडें थोडें सोडावें. तें आंत ओढलें गेलें कीं आवाज बदलतो. याच कामीं पेट्रोल शिंपडणारे महाभाग पाहण्यांत आहेत. तापल्या इंजिनावर तें आगीस आमंत्रण होय. चोक किंचित् ओढल्यानें चाल सुधारली तर हवा जास्त येते ही शंका बळावते. दुसरें कारण म्हणजे स्लो जेट तुंबणें. उभ्या गाडीस पेट्रोल ज्या छिद्रांतून मिळतें तें अतिशय बारीक असतें. तें हवेच्या झोतानें साफ करावें, तार खुपसूं नये. छिद्र मोठें झालें तर जेटच बाद होतो.

येथें पेट्रोलविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. फेब्रुवारी २०२३ पासून शेंकडा २० इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विक्रीस येऊं लागलें आणि २०२५ पर्यंत तें देशभर रूढ झालें. यांतील पुष्कळ इथेनॉल उसाच्या रसापासून व मळीपासून होतें, म्हणून ऊसकरी शेतकर्‍यास त्याचें वावडें असण्याचें कारण नाहीं. वालचंद हिराचंदांनीं इंदापूर तालुक्यांत साखर कारखाना काढला व १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापनाहि केली. उसाचें अपत्य एक दिवस त्याच मोटारींच्या टांकींत उतरेल हें त्यांच्या मनांतहि आलें नसेल. परंतु जुनी गाडी या इंधनाकरितां बांधलेली नव्हे. लीटरमागें त्यांत उष्णता शेंकडा सहा-सात कमी. त्यांत प्राणवायु असल्यानें जुन्या जेटावर मिश्रण पातळ पडतें. आणि जुन्या रबरी नळ्या त्यानें फुगतात वा भेगाळतात. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतें. पाणी मर्यादेबाहेर झालें कीं दोन्ही मिळून टांकीच्या तळाशीं वेगळा थर होऊन बसतात, आणि नळी तळाजवळूनच ओढते. चातुर्मासांत गाडी महिनोन्महिने उभी राहते तेथें हें विशेष घडतें. कार्बोरेटरच्या वाटींतील पेट्रोल कांचेच्या बाटलींत काढून तासभर निश्चल ठेवावें. खालीं निराळा थर दिसला तर टांकी रिकामी करून धुवावी. २६ जुलै २००५ च्या पुरांत बुडालेल्या गाड्यांच्या टांक्या ज्यांनीं धुतल्या, त्यांस हें काम परिचित आहे. नळ्या इथेनॉल सोसणार्‍या जातीच्या घालाव्या.

ठिणगी, हवा व पेट्रोल तिन्ही निर्दोष ठरल्यावरच इंजिनाच्या अंतरंगाकडे वळावें. १ फेब्रुवारी २००० पासून देशांत शिसेविरहित पेट्रोलच मिळतें. शिशाच्या आधारावर टिकणार्‍या जुन्या मऊ व्हाल्व-सीटा यामुळें खचतात, टॅपेटची फट मिटते, व्हाल्व पूर्ण बसत नाहीं व जळतो. म्हणून प्रथम टॅपेट मोजावे. नंतर चारी प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन पाहावें. एकांत तें कमी भरलें तर चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावें. वाढलें तर रिंगा, न वाढलें तर व्हाल्व. शेजारशेजारचीं दोन सारखींच पडलीं तर त्यांमधील हेड गॅस्केट गेलें असावें. रिंगांचा खर्च मान्य करण्यापूर्वीं हे आंकडे कागदावर लिहून मागावे.

मिश्रणाचा स्क्रू फिरविणें हें काम अगदीं शेवटचें. तो हलक्या हातानें बसेतों आंत न्यावा, दीड फेरा बाहेर काढावा, आणि इंजिन तापल्यावर चाल सर्वांत गुळगुळीत होईल तेथें ठेवावा. त्यानंतर पी.यू.सी. करून घ्यावी. पंधरा वर्षें उलटलेल्या गाडीच्या नूतनीकरणास कल्याणच्या परिवहन कार्यालयांत ती लागतेच, पण तिचा उपयोग तेवढाच नाहीं. भारत स्टेज दोनच्या पूर्वींच्या पेट्रोल चारचाकीस उभ्या चालींत कार्बन मोनॉक्साइड शेंकडा ३ व हायड्रोकार्बन १,५०० पी.पी.एम. ही मर्यादा आहे. पहिला आंकडा चढला तर पेट्रोल जास्त जातें. चोक अडकला आहे किंवा वाटींतील फ्लोट बिघडला आहे. पहिला कमी आणि दुसरा मात्र चढलेला, तर कोठेंतरी न जळलेलें पेट्रोल बाहेर पडत आहे, म्हणजे मिसिंग अद्याप शिल्लक आहे. पुन्हा तारा आणि प्लगांपासून आरंभ करावा.