दगडांना नंबर घातलेले चर्च

स्पेन देशात सांतियागो नावाचे शहर आहे. येशूचा शिष्य संत याकोब याची तिथे समाधी आहे, असे ख्रिस्ती लोक मानतात. आपले वारकरी पंढरपूरला पायी जातात ना, तसे ते लोक शेकडो किलोमीटर चालत सांतियागोला जातात. खूण म्हणून पिशवीला शिंपला बांधतात. त्या वाटेवर मिन्यो नदीकाठी पोर्तोमारीन हे फार जुने गाव होते. आजही आहे, पण जागा बदलली!

त्याचे असे झाले. नदीवर बेलेसार धरण बांधले. १९६३ साली ते पुरे झाले आणि जुने गाव पाण्यात गेले. लोकांना टेकडीवर नवीन गाव बांधून दिले. पण गावात सुमारे आठशे वर्षांपूर्वीचे दगडी चर्च होते, अगदी किल्ल्यासारखे. ते कसे सोडायचे? मग काय, एकेका दगडावर नंबर घातला, चर्च उतरवले, दगड वर नेले आणि नंबराप्रमाणे पुन्हा रचले. ते नंबर अजून दगडांवर दिसतात. एखादा नंबर चुकला असता तर केवढा घोटाळा! जुन्या पुलाची एक कमानही वर आणली. तिथल्या पायऱ्या चढून यात्रेकरू गावात शिरतात.

साध्या घरांच्या दगडांना मात्र कोणी नंबर घातले नाहीत. ती खालीच राहिली. धरणाचे पाणी फार उतरले की त्यांच्या पडक्या भिंती उघड्या पडतात. नव्या पुलावरून चालणाऱ्या माणसांना त्या वरून दिसतात.