मासे कलकत्त्याचे, पाणी वऱ्हाडाचं

अकोल्याहून अकोटला जाताना गांधीग्रामजवळ पूर्णा ओलांडावी लागते. या नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून ८९४ गावं त्यात मोजली जातात. बोअरचं पाणी खारट, साबणाला फेस नाही, डाळ लवकर शिजत नाही. अशा मुलखात लोक काचेच्या टाकीत रंगीत मासे पाळतात आणि त्यावर काही घरांची चूल पेटते, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. पण अकोल्यात काय नि अमरावतीत काय, फिशटँकची दुकानं आहेत. त्यातली जी टिकली, ती विकलेले मासे गिऱ्हाइकाच्या घरी जगवता आले म्हणून टिकली.

माल इथला नाही. देशातल्या शोभेच्या माशांची मोठी पेठ कलकत्त्याची. तिथला गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार प्रसिद्ध आहे. दुसरी पेठ चेन्नईच्या कोलत्तूरची, आणि आपल्यासाठी जवळची मुंबईत कुर्ल्याची. वऱ्हाडाचं नशीब असं की हावडा-मुंबई रेल्वेमार्ग बडनेरा आणि अकोल्यावरूनच जातो. कलकत्त्याहून मेल किंवा गीतांजली एक्स्प्रेसनं निघालेला माणूस वीसेक तासांत इथे पोचतो. मासाही पोचतो, थर्माकोलच्या खोक्यात. पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन, तोंडाला रबर. माशांना आदले एक-दोन दिवस उपाशी ठेवलेलं असतं, म्हणजे वाटेत घाण कमी होते.

खोकं उघडायची घटका या धंद्यातली सर्वांत नाजूक. पिशवीत मासे रात्रभर श्वास घेतात, त्यामुळे पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा सामू (पीएच) खाली येतो. त्याच पाण्यात माशांनी सोडलेला अमोनियाही असतो, पण सामू उतरलेला असल्यानं तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. सामू ७ चा ८ झाला, तर विषारी अमोनियाचा वाटा साधारण दहापट वाढतो. म्हणून जाणता दुकानदार बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू देतो, तापमान जुळलं की रबर काढतो आणि लगेच जाळीनं मासे उचलून घेतो. पिशवीतलं पाणी मोरीत. नवखा इथे उलटं करतो: पिशवी उघडून ठेवतो आणि तासभर त्यात कपाकपानं खारं, अल्कधर्मी पाणी ओतत बसतो. संध्याकाळपर्यंत अर्धे मासे उताणे.

गिऱ्हाइकाच्या घरी वेगळंच रामायण. "पाणी तं मी रोजच बदलून रायलो भाऊ, मंग मासोया काऊन मरून रायल्या?" हा प्रश्न ऐकला नाही असा दुकानदार वऱ्हाडात सापडायचा नाही. उत्तर त्या प्रश्नातच आहे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात, खड्यांत घर करतात आणि त्यांचं बस्तान बसायला तीन ते सहा आठवडे जातात. रोज सगळं पाणी फेकून, खडे नळाखाली चोळून, स्पंज साबणानं धुऊन घरच्यांनी टाकी लख्ख केली की त्या जिवाणूंचा नायनाट होतो. टाकी चकचकीत दिसते आणि मासा गुदमरतो. पाव हिस्सा पाणी आठवड्याला काढावं, स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळावा, एवढं शिकवता आलं तर निम्मा धंदा जमला. पण नवी टाकी पंधरा दिवस नुसती चालू ठेवा, मग दोन-चारच मासे सोडा, असं सांगितलं की माणूस शेजारच्या दुकानात जातो. त्याच्याकडे उद्या वास्तुशांती असते.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही माशांना सोसत नाही. त्यासाठी दुकानात 'हायपो'चे खडे मिळतात, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. अकोल्यात मात्र काटेपूर्णा धरणावरून येणारा नळ काही दिवसांआड येतो. घरोघरी पाणी ड्रममध्ये भरून ठेवलेलं असतं आणि तोवर क्लोरीन बरंचसं आपोआप उडून गेलेलं असतं. टंचाईनं केलेला हा एकच उपकार.

खरी परीक्षा मे महिन्यात. अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. २५ अंशांना लिटरभर पाण्यात सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३५ ला सातच. आणि गरम पाण्यात माशाची भूक नि श्वास दोन्ही वाढतात. त्यात लाइन गेली आणि ऑक्सिजनची मोटर थांबली की गोल्डफिश तासाभरात वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो. फायटर मासा मात्र निवांत असतो, कारण तो वरची हवाही घेऊ शकतो. बॅटरीवरची मोटर इथे चैनीची वस्तू नाही. खोलीत कूलर सुरू असला तर पाणी थंड राहतं, पण झपाट्यानं उडतंही. घरचे वरून बोअरचं पाणी घालत राहतात. उडतं ते पाणी, क्षार खालीच राहतात. जून उजाडेपर्यंत टाकीत खारपाणपट्टा तयार. म्हणून भर घालायची ती आरओच्या पाण्याची, आणि जुनं पाणी थोडं-थोडं काढत राहायचं.

एवढं सगळं गिऱ्हाइकाला जमत नाही, आणि तिथेच मासिक देखभालीचा करार उभा राहतो. मासा एकदाच विकला जातो, साफसफाई दर महिन्याला. पाचशे रुपयांप्रमाणे चाळीस टाक्या धरल्या तर वीस हजार होतात. त्यातून पेट्रोल, औषधं, पाइप वजा. टाक्या एका मोहल्ल्यात असल्या तर परवडतं, गावभर विखुरल्या तर नाही. सर्वांत चांगलं गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टर. अकोला-अमरावती दोन्ही शहरांत दवाखान्यांची दाटी आहे आणि बालरोगतज्ज्ञांना टाकी हवीच असते. पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या ॲरन कॅचर यांनी १९८४ साली दात काढायला आलेल्या लोकांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की आधी काही वेळ टाकीतले मासे पाहत बसलेली माणसं कमी घाबरतात. दवाखान्यातली टाकी हिरवी पडलेली चालत नाही, म्हणून फोनही तिथूनच आधी येतो.

टाकी विकतानाही हिशेब लागतो. तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच अशा टाकीत १९० लिटर पाणी मावतं. काच नि खडे धरून वजन दोन क्विंटलच्या वर. शोकेसच्या प्लायवर ती ठेवून देणाऱ्या दुकानदाराला नंतर सुतारही शिव्या घालतो.

अमरावती आणि अकोला अशी दोन्हीकडे कामं धरणाऱ्यांना आता रस्त्याची तक्रार करता येत नाही. या दोन शहरांमधल्या राष्ट्रीय महामार्गावरच जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनेसचा विक्रम झाला होता. तरी मी म्हणेन, सुरुवातीला एकच शहर धरावं. मासे मरायला लागले की गिऱ्हाइकाला माणूस अर्ध्या तासात दारात हवा असतो.

मला आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. आपल्या पाण्याला मानवणारे मासे आहेत, आणि त्यांचीच पैदास आपण फारशी करत नाही. मोली आणि गप्पी जड, क्षारयुक्त पाण्यात खुशाल राहतात, थेट पिल्लं देतात. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड तर अल्कधर्मी पाण्याचेच रहिवासी. उलट निऑन टेट्रा, डिस्कस हे मऊ पाण्याचे लाडोबा, आणि हौशी माणूस नेमका तेच मागतो. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली सुरू झाली, तेव्हा परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनासाठी ३ लाखांचा प्रकल्पखर्च धरला होता. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. मार्गदर्शन हवं तर मत्स्यविज्ञान महाविद्यालय नागपुरातच आहे. दर्यापूर-अकोटकडच्या घरांमागे सिमेंटच्या हौदांत मोली वाढवायला काय हरकत आहे? आधी पाणी तपासून घ्यावं, कारण क्षार सोसायलाही मर्यादा असते. पण कलकत्त्याहून आणलेल्या मोलीपेक्षा इथल्याच पाण्यात जन्मलेली मोली अकोल्याच्या टाकीत जास्त टिकेल, यात शंका नाही.

एक काम मात्र कुठल्याच योजनेत बसत नाही. दोन इंचांचा म्हणून घेतलेला सकर मासा वाढत वाढत फूटभर होतो, ऑस्कर मासा टाकीतल्या शेजाऱ्यांना गिळतो, आणि कंटाळलेले लोक असे मासे अमरावतीच्या वडाळी किंवा छत्री तलावात सोडून पुण्य कमावायला निघतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत या सकरनं देशी मासळीचं काय केलं ते तिथले कोळी सांगतात. तेव्हा विकतानाच गिऱ्हाइकाला सांगून ठेवावं, की नको झाला तर दुकानात आणून द्या, आणि मागच्या खोलीत एक मोठी टाकी त्यासाठी राखून ठेवावी. वरच्या झाकणावर वीट ठेवावी. ऑस्कर उडी मारतो.