वृद्ध मांजराचे दुखरे सांधे

मांजराचे दुखणे ओळखणे फार अवघड असते. कुत्र्याचा पाय दुखला की तो लंगडतो, विव्हळतो, मालकाजवळ येऊन बसतो. मांजर यांपैकी काहीच करीत नाही. दहा-बारा वर्षांचे झाले की ते दिवसाचा अधिकाधिक वेळ झोपून काढू लागते, कपाटावर चढणे सोडून देते, हाक मारली तरी जागचे हलत नाही. आणि ‘आता त्याचे वय झाले’ असे म्हणून घरातील माणसे स्वतःचे समाधान करून घेतात. वय झालेले असते हे खरे. परंतु वय हा काही रोग नव्हे. या बदलांच्या मुळाशी पुष्कळदा सांध्यांचा एक सावकाश वाढत जाणारा विकार असतो. वैद्यकाच्या परिभाषेत त्याला अस्थिसंधिशोथ व व्यवहारात संधिवात असे म्हणतात. हा विकार समूळ बरा करता येत नाही. त्यातील वेदना मात्र कमी करता येते. पण त्यासाठी ती वेदना आहे, हे आधी कोणाच्या तरी ध्यानात यावे लागते.

सांध्यात एकमेकांना भिडणाऱ्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते आणि त्यांच्यामध्ये वंगणाचे काम करणारा द्रव असतो. त्यामुळे हाडे एकमेकांवर घासली न जाता सहज सरकतात. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. म्हणून एकदा तिची झीज झाली की ती भरून येण्याची शक्यता फार थोडी असते. झिजलेली कूर्चा खरखरीत होते, सांध्याच्या अस्तराचा दाह होतो आणि हाडांच्या कडांवर ओबडधोबड वाढ होऊ लागते. मांजराच्या बाबतीत पुढच्या पायांची कोपरे, मागच्या पायांचे खुबे, गुडघे व घोटे, तसेच पाठीचा कणा, हे भाग विशेषकरून सापडतात.

हा विकार किती सर्वसामान्य आहे, याची कल्पना पशुवैद्यांनाही फार उशिरा आली. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी बारा वर्षांहून अधिक वयाच्या १०० मांजरांची पूर्वी काढलेली क्ष-किरण चित्रे पुन्हा तपासली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ९० मांजरांच्या सांध्यांत झिजेच्या खुणा होत्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीसाठी सहा महिन्यांपासून वीस वर्षांपर्यंतच्या वयाची १०० मांजरे निवडण्यात आली होती. त्यांतही ९२ मांजरांच्या शरीरात कोठे ना कोठे अशा खुणा आढळल्या. अर्थात चित्रात खूण दिसली म्हणजे वेदना असतेच असे नाही. उलट, चित्र फारसे बिघडलेले नसतानाही सांधा दुखत असू शकतो. म्हणून केवळ क्ष-किरणांवर विसंबून चालत नाही.

मग इतका सर्वत्र आढळणारा विकार दृष्टीआड का राहिला? त्याचे एक कारण असे की, मांजराच्या बाबतीत बहुधा दोन्ही बाजूंचे सांधे एकाच वेळी झिजतात. दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर लंगडणार तरी कोणत्या पायाने? दुसरे कारण मांजराच्या स्वभावात आहे. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजर. हा प्राणी एकट्याने शिकार करतो आणि स्वतः मोठ्या श्वापदांचे भक्ष्यही होतो. अशा प्राण्याने आपला दुबळेपणा उघड करणे धोक्याचेच ठरणार. तिसरे कारण असे की, पशुवैद्याच्या टेबलावर आणलेले मांजर भीतीने अंग आखडून बसते. ते कसे चालते व कशी उडी मारते, हे वैद्याला पाहावयास मिळतच नाही.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. मांजराची वेदना तपासण्याचे खरे ठिकाण दवाखाना नसून घर हे आहे, आणि खरा तपासनीस म्हणजे त्याच्याबरोबर राहणारा माणूस. मांजर काय करते याच्याबरोबरच, त्याने काय करणे सोडले आहे, हे त्याने पाहावयाचे असते. २०२० मध्ये संशोधकांनी याकरिता सहा हालचालींची एक छोटी यादी सुचविली: वर उडी मारणे, खाली उडी मारणे, जिना चढणे, जिना उतरणे, पळणे, आणि हलणाऱ्या वस्तूचा पाठलाग करणे. जे मांजर पूर्वी एका झेपेत खिडकीत बसत असे, ते आता आधी खुर्चीवर व मग खिडकीत जाते काय? उडी मारण्यापूर्वी ते घुटमळते काय? याखेरीज पाठीवरील केस गुंतलेले राहणे, नखे वाढून जाड होणे, कंबरेला हात लावताच फिस्कारणे, याही खुणा बोलक्या आहेत. वाळूचे भांडे सोडून बाहेर घाण करणारे म्हातारे मांजर पुष्कळदा मार खाते; काही वेळा तर त्याला घराबाहेर घालविले जाते. वस्तुतः भांड्याचा उंच काठ ओलांडणे त्याला सोसत नसते, एवढाच त्याचा अपराध असतो.

अशा मांजराला पशुवैद्याकडे न्यावेच. कारण मूत्रपिंडाचा विकार, दातांचे दुखणे किंवा गलग्रंथीचा विकार यांतही काहीशी अशीच लक्षणे दिसतात. परंतु उपचाराचा आरंभ घरातच होऊ शकतो. वाळूचे भांडे पसरट व बुटक्या काठाचे असावे आणि ते जिना न चढता गाठता यावे. आवडत्या खिडकीखाली एखादा पाट किंवा चौरंग ठेवला तर एका मोठ्या उडीच्या दोन लहान उड्या होतात. गुळगुळीत फरशीवर जाजम अंथरावे. निजण्यासाठी वाऱ्यापासून दूर, उबदार जागी जाडशी गोधडी घालावी. अन्नपाण्याची भांडी थोडी उंचावर ठेवावीत, म्हणजे मान व कोपरे यांवर भार येत नाही. जिथे मांजराची जीभ पोहोचत नाही, तिथे मऊ विंचरणी फिरवावी आणि नखे वेळच्या वेळी कापावीत. एरवी ती वळून पंजाच्या गादीत रुततात.

मांजर स्थूल असेल तर त्याचे वजन उतरविणे हाही एक उपचारच होय. मात्र तो सावकाश करावा. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्का, म्हणजे पाच किलो वजनाच्या मांजराच्या बाबतीत ५० ग्रॅम, एवढी घट पुरेशी असते. मांजराला उपाशी मात्र कधीही ठेवू नये. स्थूल मांजराने काही दिवस अन्न वर्ज्य केले तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते दगावू शकते.

औषधांच्या बाबतीत एक इशारा आवश्यक आहे. दुखणाऱ्या मांजराची कणव येऊन घरातील तापाची किंवा अंगदुखीची गोळी त्याला देण्याचा मोह होतो. पॅरासिटामॉल हे माणसाला सहज पचणारे औषध मांजराला मात्र विषासारखे आहे. ते निर्धोक करून शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृताला जे विकर लागते, ते मांजराच्या शरीरात तयार होत नाही. परिणामी रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नष्ट होऊ लागते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड सुजते, धाप लागते. माणसाची एक गोळीदेखील मांजराचा प्राण घेऊ शकते. ती चुकून पोटात गेलीच तर लक्षणांची वाट न पाहता ताबडतोब पशुवैद्य गाठावा. आयबुप्रोफेन व ॲस्पिरिन हीसुद्धा मनाने देण्याची औषधे नव्हेत.

पशुवैद्य मेलॉक्सिकॅमसारखी दाहशामक औषधे देतात, परंतु फार बेताने. वृद्ध मांजरांची मूत्रपिंडे बहुधा आधीच दुर्बल झालेली असतात. म्हणून रक्त व लघवी यांची तपासणी आधी आणि नंतरही अधूनमधून करावी लागते. औषध चालू असताना मांजर जेवेनासे झाले, त्याला वांत्या होऊ लागल्या, तर औषध थांबवून वैद्याचा सल्ला घ्यावा. अलीकडच्या काळात एका निराळ्या मार्गानेही यश आले आहे. वेदनेची जाणीव तीव्र करणारे एक प्रथिन शरीरात असते; त्याला निष्प्रभ करणारे फ्रुनेव्हेटमॅब नावाचे प्रतिपिंड शास्त्रज्ञांनी तयार केले. महिन्यातून एकदा ते कातडीखाली टोचतात. युरोपीय संघात २०२१ मध्ये व अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्यानेही काही मांजरांना वांत्या होतात किंवा कातडीला खाज सुटून खपल्या धरतात. म्हणून तेही वैद्याच्या देखरेखीखालीच दिले जाते.

औषध लागू पडले की नाही, याचा निर्णय शेवटी घरातील निरीक्षणावरच अवलंबून असतो. त्यासाठी एक साधी वही पुरते. मांजर आज खिडकीपर्यंत पोहोचले काय, पोटभर जेवले काय, स्वतःचे अंग चाटले काय, भांड्यातच लघवीला गेले काय, एवढे दर आठवड्याला टिपून ठेवावे. उपचारांनंतर चार वर्षे सोडून दिलेली उडी मांजर पुन्हा मारू लागले, तर ते आळशी झाले नव्हते, वेदनेने जखडले गेले होते, हे त्या वहीतून स्पष्ट होते. आणि पुढे कधी सर्व उपाय थकले, तर त्याचे क्लेश आणखी लांबवावेत की नाहीत, हा कठीण निर्णय घेतानाही पशुवैद्याला व मालकाला याच नोंदींचा आधार मिळतो.