दिल्लीच्या सराया : दरवाजांपलीकडचा वारसा

मुघलकाळात दिल्लीकडे येणाऱ्या वाटांवर व्यापारी, यात्रेकरू आणि जासूद यांच्या मुक्कामासाठी सराया बांधल्या जात. मधोमध मोकळे अंगण, भोवती कमानींच्या ओवऱ्या, विहीर किंवा बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आणि रात्री बंद होणारे भक्कम दरवाजे, असे त्यांचे सर्वसाधारण रूप असे. शेरशाह सूरने हमरस्त्यांवर दर दोन कोसांवर सराया उभारल्याचे इतिहासकार अब्बास खान सरवानी नोंदवतो, आणि त्यांत डाकेचे घोडेही ठेवले जात असल्याने सराई हे निवाऱ्याबरोबरच राज्यकारभाराचेही साधन ठरले.

शाहजहानची कन्या जहाँआरा हिने चांदणी चौकात बांधलेल्या दुमजली सराईत परदेशी व्यापारी निर्धास्त उतरत, आणि पॅरिसमध्येही अशा वास्तू असाव्यात असे फ्रेंच प्रवासी बर्निए याला वाटले. १८५७ च्या उठावानंतर मात्र ब्रिटिशांनी ती पाडली व त्या जागी पुढे टाउन हॉल उभा राहिला.

जे टिकले, त्यात हुमायूनच्या मकबऱ्यालगतची अरब सराई महत्त्वाची आहे. सोळाव्या शतकात हुमायूनची विधवा हाजी बेगम हिने ती बांधली असे मानले जाते. तेथे अरब राहत की मकबऱ्याचे कारागीर, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. सराईच्या आवारात आज औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, तर तिच्या उंच दरवाजाचे जतन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि आगाखान ट्रस्ट फॉर कल्चर यांनी मिळून केले. अशा कामात चुन्याचा आग्रह धरला जातो, कारण चुना भिंतीतील ओल बाहेर पडू देतो, तर सिमेंटच्या थराआड ती कोंडून क्षार साचतात आणि जुना दगड पोखरला जातो.

तरीही केवळ दरवाजा वाचवणे पुरेसे नाही. लाडो सराय, बेर सराय, कटवारिया सराय ही नावे वस्त्यांना उरली असली, तरी नावावरून मुक्कामाची व्यवस्था उमगत नाही. ती उमगते अंगण, पाणी आणि रस्ता यांच्या परस्परसंबंधातून. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या परिसरात अजीमगंज सराई आणि कोसमिनार, म्हणजे कोसाकोसाचे अंतर दाखवणारा मनोरा, असे दोन्ही असल्याने जुना राजमार्ग तेथे अजूनही वाचता येतो. म्हणून सुट्या वास्तूऐवजी वाटेसह संपूर्ण मुक्काम हाच जतनाचा घटक मानला पाहिजे. अन्यथा परक्या वाटसरूला निर्धास्त झोप देणारी ही सार्वजनिक व्यवस्था पुढच्या पिढ्यांना केवळ शोभेची कमान म्हणून दिसेल.