घरातील कार्बन मोनॉक्साइड व त्याचे इशारायंत्र

जुन्या नाशकातील वाड्यांत अंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापत असे. बंबाचा धूर डोळ्यांना झोंबे, घरची मंडळी कुरकुरत, आणि म्हणून बंब पडवीत किंवा परसात ठेवण्याची वहिवाट होती. आज त्याची जागा पुष्कळ घरांत गॅसच्या गीझरने घेतली आहे. हा भिंतीवर टांगलेला, पांढराशुभ्र. धूर नाही की राख नाही. तेव्हा आपण त्याला थेट न्हाणीघरात नेऊन बसविले आणि थंडी लागू नये म्हणून झरोकाही लावून घेतला. धूर तेवढा गेला, धोका मात्र आत आला.

हा धोका कोणता? एक घनफूट स्वयंपाकाचा गॅस पुरता जळावयास पंचवीस ते तीस घनफूट हवा लागते. कोंदट न्हाणीघरात ज्योत तेथील प्राणवायू खाऊ लागली की थोड्याच वेळात तिला तो पुरेनासा होतो. मग ज्वलन अर्धवट होते व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो डोळ्यांना झोंबतही नाही. प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे पटींहून अधिक ओढीने तो रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदूची उपासमार होते. प्रथम डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात. पित्त झाले असेल असे मनुष्य म्हणतो, आणि कडी काढण्याचे सुचावयाच्या आतच कोसळतो. कित्येकांना झटका येतो व तो अपस्मार समजून औषधे चालू होतात. भारतातील मज्जातंतुतज्ज्ञांनी अशा प्रकारांना ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावच दिले आहे. मार्च २०२३ मध्ये धुळवडीच्या सुमारास मुंबईत घाटकोपरला एक पती-पत्नी न्हाणीघरात मृतावस्थेत सापडले, तेव्हाही संशय गीझरवरच आला. आपल्याकडे रंगपंचमीला रहाडीत उड्या मारून आलेली मंडळी घरी एकामागून एक न्हावयास बसतात. त्यांत तिसऱ्या-चौथ्याच्या वाट्याला आधीच्यांनी वापरलेली हवा येते, हे विसरता कामा नये.

शेगडीची गोष्टही अशीच आहे. निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर उतरला की कोळसे फुलवून शेगडी खोलीत आणतात. बाळंतिणीच्या खोलीत तर ती असावयाचीच. निखारे लाल झाले, धूर संपला, आता भीती नाही, अशी आपली समजूत. पण लाल निखाऱ्यांतून वर येताना कार्बन डायॉक्साइडचेच कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते. निखाऱ्यांवर कधी कधी नाचणारी निळसर ज्योत ही त्याचीच. पोटातल्या बाळाच्या रक्ताला हा वायू आईच्या रक्तापेक्षाही घट्ट धरतो. शेक शेकण्याची रूढी मोडा असे मी म्हणत नाही; दार उघडे ठेवून शेका आणि निजण्यापूर्वी शेगडी बाहेर न्या, एवढेच सांगणे आहे.

नाकाला न कळणारा हा शत्रू ओळखावयाचा कसा, हा प्रश्न प्रथम खाणकामगारांपुढे उभा राहिला. १८९५च्या सुमारास जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपले, आणि खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यावेत असे सुचविले. लहान जीव माणसाच्या आधी कोलमडतो. ब्रिटनमधील खाणींतून हे पक्षी १९८६ नंतर निवृत्त झाले व विजेची यंत्रे आली. घरातले इशारायंत्र हे त्यांच्याच कुळातले.

पुष्कळशा यंत्रांत एक छोटा रासायनिक घट असतो. हवेतला कार्बन मोनॉक्साइड त्यात शिरला की अत्यल्प वीजप्रवाह सुरू होतो, आणि प्रवाह जितका अधिक तितका वायू अधिक. यंत्र लगेच ओरडत नाही. युरोपातील ईएन ५०२९२ या मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत हा वायू ५० भाग असेल तर यंत्र तास-दीड तासाने वाजते, १०० भागांस दहा ते चाळीस मिनिटांत, व ३०० भागांस तीन मिनिटांच्या आत. विकत घेताना पेटीवर हे मानक पाहावे. स्वयंपाकाच्या गॅसची गळती सांगणारे यंत्र निराळे. तो गॅस जड म्हणून त्याचे यंत्र जमिनीलगत लावतात. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका असून तिच्यात मिसळून जातो.

म्हणून हे यंत्र निजण्याच्या खोलीत, निजलेल्या माणसाच्या श्वासाच्या उंचीवर असावे. पडद्यामागे, पंख्याच्या झोतात किंवा चुलीच्या डोक्यावर नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळही नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो व यंत्राला भलताच भास होतो. न्हाणीघरात तर मुळीच नको, कारण वाफेने ते बिघडते. येथे कोणी विचारील की, मग गीझरचे काय? माझे मत स्पष्ट आहे. बाहेर टांगलेल्या यंत्राला बंद दाराआडची हवा वेळेवर कळणार नाही. गीझर बाल्कनीत किंवा उघड्या जागी काढून नळाने पाणी आत आणावे, याला दुसरा तोडगा नाही. यंत्र विकत घेतले म्हणून गीझर आत राहू देणे हे, कुत्रा पाळला म्हणून दार सताड उघडे टाकण्यासारखे आहे.

यंत्राची निगा सोपी आहे, पण नेमाने झाली पाहिजे. दर संकष्टीला चाचणीचे बटण दाबावे, म्हणजे महिना चुकत नाही. त्याने भोंगा व बॅटरी ठीक असल्याचे कळते. आतला घट शाबूत आहेच असे मात्र नव्हे. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी, साबणपाणी किंवा फवारा लावू नये. दिवाळीपूर्वी घराला रंग देताना ते काढून ठेवावे व वास गेल्यावर आठवणीने पुन्हा लावावे. मधून मधून एकच ‘टिक्’ वाजू लागली की बॅटरी संपत आली असे समजावे. आतला घट वापरात नसतानाही झिजतो. पाठीवर छापलेली मुदत, बहुधा सात ते दहा वर्षांची, भरली की बटणाला प्रतिसाद देत असले तरी यंत्र बदलावे.

ते खरोखर वाजले तर बटण दाबून पुन्हा निजू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, हाताशी असेल तर गॅसची तोटी बंद करावी, सर्वांना बाहेर काढून मोजावे. न्हाणीघरात कोणी पडले असल्यास कडी तोडून प्रथम माणसाला बाहेर ओढावे, विचारपूस मागाहून. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. करोनाच्या साथीपासून पुष्कळांच्या घरी बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर आहे. त्यावर या प्रसंगी विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेले वाटते व ते खुशाल ९८ दाखविते. डॉक्टरांना गीझर किंवा शेगडी चालू होती हे आपण होऊन सांगावे, म्हणजे रक्ताची योग्य तपासणी होईल. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा व्हावयास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास तेच काम तास-दीड तासात होते.