अढळ म्हणजे काय? : नागासाकीच्या ख्रिस्ती लोकांची साक्ष

जग झपाट्याने बदलत आहे, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते आता कानावरून जाते, मनात उतरत नाही. अनुभव मात्र घरोघर येतो. आजोबांचा धंदा नातवाला ठाऊक नसतो आणि नातवाचा धंदा आजोबांना समजावून सांगता येत नाही. अशा वेळी धर्मश्रद्धा ही एक तरी वस्तू अढळ आहे, असे सर्वच धर्मांचे लोक म्हणतात. ख्रिस्ती माणूस ते विशेष आग्रहाने म्हणतो. कारण त्याच्या समजुतीप्रमाणे देव एकदाच मनुष्य होऊन इतिहासात आला, आणि तेव्हा जो होता तोच तो आजही आहे.

पण अढळ म्हणजे काय? ध्रुवासारखे एका जागी बसून राहणे? की आणखी काही? ह्या प्रश्नाचा विचार नुसत्या तत्त्वचर्चेने न करता एका समाजाच्या इतिहासावरून करावा, असे आम्ही योजिले आहे. तो समाज जपानातला आहे. तथापि त्याच्या कथेचा एक धागा आपल्या वसईतून निघतो, म्हणून आरंभ तेथूनच करू.

सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत गोन्सालो गार्सिया नावाचा एक मुलगा जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. लहान वयात तो जेझुइट पाद्रींबरोबर जपानला गेला, तेथील भाषा उत्तम शिकला, पुढे काही काळ त्याने व्यापार केला, आणि अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन पंथात तो 'ब्रदर' झाला. १५९३ साली त्या पंथाची मंडळी जपानला गेली, तेव्हा दुभाष्या म्हणून गोन्सालो त्यांच्याबरोबर होता.

फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५४९ साली जपानात उतरला, तेव्हापासून तेथे ख्रिस्ती धर्म पसरत होता. परंतु सत्ताधारी हिदेयोशी ह्याच्या मनात संशय शिरला की, आज पाद्री आले, उद्या त्यांच्यामागून फौजा येतील. हा संशय अगदीच निराधार होता, असे आपल्याला म्हणता येणार नाही. वसई आणि गोवा येथे क्रूस आणि तलवार एकाच गलबतातून उतरली होती, आणि गोव्याच्या धर्मन्यायालयाची आठवण अजून बुजलेली नाही. जपानात मात्र तलवार दुसऱ्या पक्षाच्या हाती होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांतले बहुतेक जपानी होते, आणि त्यांत वसईचा गोन्सालोही होता. १८६२ साली पोप नवव्या पायसने ह्या सर्वांना संतपद दिले.

इथवरची कथा हुतात्म्यांची झाली. आमचा विषय खरा ह्यापुढे सुरू होतो. कारण हुतात्मा एकदाच मरतो, आणि मागे राहणाऱ्यांना रोज जगावे लागते.

१६१४ साली तोकुगावा सत्तेने देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. त्या वेळी जपानात तीन लाखांच्या आसपास ख्रिस्ती असावेत, असा अंदाज आहे. पाद्री देशाबाहेर घालविले गेले. जे लपून राहिले ते पकडले जाऊन मारले गेले किंवा छळाने मोडले. १६४४ साली शेवटच्या पाद्रीचाही अंत झाला. बंदी अमलात आणण्याची पद्धत फार काटेकोर होती. प्रत्येक कुटुंबाने आपण अमुक बौद्ध मंदिराचे आहोत, असा दाखला घ्यावयाचा. पाच-पाच घरांचे गट पाडून एकाच्या अपराधाला पाचही घरे जबाबदार धरावयाची. ख्रिस्ती माणूस दाखवून देणाऱ्यास रुप्याच्या नाण्यांचे बक्षीस, अशा पाट्या चव्हाट्यावर लावावयाच्या. आणि सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे 'फुमिए'. ख्रिस्ताची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून तिच्यावर लहानथोरांनी पाय देऊन जावयाचे. नागासाकीच्या मुलुखात हा प्रकार वर्षानुवर्षे चालत असे.

आता आपण त्या खेड्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. पाय द्यावयाचा नाही म्हटले, तर आपल्याबरोबर बायकामुले आणि शेजारची चार घरे जातात. पाय दिला, तर ज्याला देव मानतो त्याच्याच मुखावर पाय पडतो. बहुतेकांनी पाय दिला. शूसाकु एन्दो ह्या जपानी कादंबरीकाराने १९६६ साली ह्याच प्रसंगावर 'मौन' ही कादंबरी लिहिली, ती जगभर वाचली गेली. पण कादंबरी जेथे थांबते त्यापुढे इतिहास दोनशे वर्षे चालत राहिला.

पाद्री नाही, देऊळ नाही, ग्रंथ नाही, आणि दरसाल प्रतिमेवर पाय द्यावा लागतो. अशा स्थितीत काय टिकणार? साधे उत्तर असे की एका पिढीत सर्व संपणार. पण तसे झाले नाही, आणि ते का झाले नाही हे समजून घेण्यासारखे आहे. ह्या लोकांनी तीन गोष्टी धरून ठेवल्या.

पहिली गोष्ट पाणी. ख्रिस्ती धर्मातील बहुतेक संस्कारांना पाद्री लागतो; परंतु बाप्तिस्मा अडचणीच्या वेळी कोणीही सामान्य माणूस देऊ शकतो. पाणी आणि ठरलेले शब्द एवढे पुरे. म्हणून प्रत्येक वाडीत 'मिझुकाता', म्हणजे पाणी देणारा, असा एक माणूस नेमलेला असे. दिवसा तो शेतकरी किंवा कोळी. पण मूल जन्मले की दारे लावून तो आपले काम करी.

दुसरी गोष्ट पंचांग. आपल्याकडे जोशी एकादशी केव्हा, संक्रांत केव्हा हे सांगतो, तसा त्यांच्यात 'चोकाता' असे. युरोपीय वर्षातील सणवार चांद्र पंचांगात कोठे पडतात, ह्याचा हिशेब त्याच्याकडे. नाताळ कधी, उपवासकाळ कधी, कोणत्या दिवशी काम ठेवायचे नाही, हे तो ठरवी, आणि 'किकियाकु' नावाचा निरोप्या ते घरोघर कळवी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे पश्चात्ताप. बंदी येण्यापूर्वी, १६०३ साली, नागासाकीत एक लहान पुस्तिका तयार झाली होती. पापाची कबुली ऐकायला पाद्री मिळत नसेल, तर काय करावे? मनापासून खरा पश्चात्ताप करावा आणि पाद्री भेटेल तेव्हा कबुली देण्याचा निश्चय ठेवावा, म्हणजे देव क्षमा करतो, असे तिच्यात सांगितले होते. मूळ पोर्तुगीज शब्दाचे जपानी तोंडात 'कोंचिरिसान' झाले. ह्या पुस्तिकेच्या हातनकला लपतछपत फिरत राहिल्या, तिच्यातील प्रार्थना पाठ होत राहिल्या. दिवसा पाय दिलेला माणूस रात्री घरी येऊन कोंचिरिसान म्हणे. पुन्हा पुढच्या वर्षी पाय, पुन्हा पश्चात्ताप.

उघड पूजेला ते कान्नोनची पांढरी चिनीमातीची मूर्ती ठेवीत. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वरच. कान्हेरीच्या लेण्यांत ज्याच्या मूर्ती आहेत तो करुणेचा बोधिसत्त्व चीन-जपानात स्त्रीरूप पावला, आणि त्याच्या रूपाआड ह्या लोकांनी मरियेला पाहिले. एका धर्माच्या करुणेने दुसऱ्या धर्माच्या करुणेला आसरा दिला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

अशा सहा-सात पिढ्या गेल्या. जपानची दारे परकीयांना उघडली, आणि नागासाकीतील परदेशी लोकांसाठी ओउरा येथे एक चर्च उभे राहिले. १८६५ च्या फेब्रुवारीत त्याचे समर्पण झाले, ते १५९७ च्या त्या सव्वीस हुतात्म्यांना. म्हणजे आपल्या गोन्सालोलाही. १७ मार्च १८६५ रोजी जवळच्या उराकामी खेड्यातील काही माणसे तेथे आली. फ्रेंच पाद्री पेतीझाँ प्रार्थना करीत होता. त्यांतील एका स्त्रीने त्याच्याजवळ जाऊन हळूच सांगितले की, आमचेही हृदय तुमच्यासारखेच आहे. आणि मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. मूर्तीपुढे उभे असता त्यांनी बोलता बोलता सांगितले की, सध्या दुःखाचा काळ चालू आहे आणि आज त्याचा सतरावा दिवस आहे.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबून हिशेब करून पाहू. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता. म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, १ मार्चला आला. १७ मार्च हा बरोबर सतरावा दिवस! दोनशे एकवीस वर्षे एकही पाद्री नसता शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी ठेवलेला हिशेब एका दिवसानेही चुकला नव्हता.

ह्यावर कोणी म्हणेल की ही गोड शेवटाची गोष्ट झाली. पण तसे नाही. बंदी अजून उठली नव्हती. १८६८ पासून उराकामीच्या सुमारे ३,४०० ख्रिस्ती लोकांना हद्दपार करून दूरदूरच्या प्रांतांत पाठविण्यात आले, आणि त्यांतले सहाशेंहून अधिक तेथे मेले. पाश्चात्त्य देशांतून ओरड झाल्यावर १८७३ साली बंदीच्या पाट्या उतरल्या. परत आलेल्यांनी पुढे गावच्या मुखियाच्या वाड्याची जागा विकत घेतली. ही तीच जागा, जेथे त्यांच्या वाडवडिलांना प्रतिमेवर पाय द्यावा लागे. १८९५ साली त्यांनी तेथे चर्च बांधावयास घेतले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब फुटला तो त्या चर्चपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर. त्या धर्मग्रामातील बारा हजारांपैकी साडेआठ हजार माणसे गेली, असे सांगतात. दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यातून शाबूत निघाली. ती त्याच वर्षी नाताळच्या आदल्या रात्री वाजविण्यात आली. चर्च १९५९ साली पुन्हा बांधले गेले. दुसऱ्या घंटेची जागा मात्र कित्येक वर्षे रिकामी होती. अमेरिकेतील कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी, ऐंशी वर्षांनी, दोन्ही घंटा एकत्र वाजल्या.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बंदी उठल्यावर सगळेच लपलेले ख्रिस्ती चर्चकडे परतले नाहीत. इकित्सुकी बेटावरील आणि इतर ठिकाणच्या कित्येकांना वाडवडिलांनी दिले तेच खरे वाटले. त्यांच्या प्रार्थनांत जुन्या लॅटिन स्तोत्रांचे शब्द जपानी उच्चारात घोळून राहिले आहेत. 'ओ ग्लोरिओझा'चे तेथे 'गुरुरियोझा' झाले. म्हणणाऱ्याला शब्दांचा अर्थ लागत नाही, पण एक अक्षर बदलायचे नाही असा निर्धार. आता ही परंपरा चालविणारे थोडेच उरले आहेत. त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपणही कितीतरी मंत्र अर्थ न कळता म्हणतच असतो. तरी ह्या दोन वाटांकडे पाहून एक गोष्ट ध्यानी येते. शब्द जसाच्या तसा ठेवणे हे एक टिकणे आहे, आणि शब्दामागच्या माणसाला पुन्हा ओळखणे हे दुसरे. पहिले ज्यांनी केले त्यांनी ठेवा सांभाळला. दुसरे ज्यांनी केले त्यांच्या हातून तो पुढच्या पिढ्यांत रुजला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अढळ म्हणजे काय? नागासाकीची साक्ष अशी की अढळ श्रद्धा म्हणजे कधीच न ढळलेले पाऊल नव्हे. ज्यांची पावले मुळीच ढळली नाहीत ते टेकडीवर मेले, आणि त्यांना संत म्हणणे योग्यच आहे. पण उराकामीहून जी माणसे १८६५ साली त्या चर्चमध्ये आली, ती पाय दिलेल्यांचीच नातवंडे-पणतवंडे होती. श्रद्धा त्यांच्यापर्यंत पोचली ती ढळलेल्या पावलांवरून चालत. घरी विरजण जपावे तशी ती जपली गेली. भांडे बदलते, दूध रोज नवे असते, कधी दही नीट लागतही नाही. पण घरातली बाई विरजणाचा चमचाभर भाग बाजूला काढून ठेवायला विसरत नाही. तो चमचाभर भाग म्हणजे कोंचिरिसान.

आपल्यापुढे आज फुमिए नाही. आपल्याला कोणी दाखला मागत नाही की बक्षिसाची पाटी लावीत नाही. उलट, काहीही माना किंवा मानू नका, कोणाला त्याचे सोयरसुतक नाही. आमच्या मते ही परीक्षा अधिक अवघड आहे. कारण येथे पाय कधी पडला हे कळतच नाही, आणि जे कळले नाही त्याचा पश्चात्तापही होत नाही. आपल्यांतले कोणी ख्रिस्ती असतील, कोणी विठ्ठलाचे असतील, कोणी कशाचेच नसतील. पण प्रत्येकाजवळ असे काहीतरी असते की ज्यावर आपला पाय पडू नये असे त्याला वाटते, आणि कामाच्या घाईत, पैशाच्या ओढीत, लोकांच्या भीतीने तो पडतोच. तो दिवस लक्षात ठेवणे, आणि त्या रात्री दार लावून स्वतःशी खरे बोलणे, एवढे तरी त्या अडाणी म्हटलेल्या शेतकऱ्यांकडून आपल्याला शिकता येईल. जग बदलतच राहणार. आजचा दिवस कितवा आहे, ह्याचा हिशेब मात्र आपला आपणच ठेवावयाचा आहे.